छत्री धरणारा हात

रोहिणी नक्षत्र सरत आले, अंगणातली वाळवणे उचलून डब्यांत भरली गेली आणि आगोटीच्या सामानाची यादी होऊ लागली, म्हणजे कोकणातल्या आमच्या घरी आजोबा पडवीतल्या खुंटीवरची छत्री खाली काढीत. दसऱ्याच्या सुमारास मिटून ठेवलेली ती लांब दांड्याची काळी छत्री उघडताना कोंडलेल्या कापडाचा आणि गंजाचा एक संमिश्र वास येई, आतून एखादे झुरळ लगबगीने बाहेर पडे, आणि मग आजोबा ती अंगणात उन्हाकडे धरून तिच्या आत डोके घालून उभे राहत. बाहेरून पाहणाऱ्याला हा म्हातारा भर उन्हात पावसाची तालीम करतो आहे असे वाटावे. प्रत्यक्षात ते कापडातून दिसणारे उजेडाचे ठिपके मोजीत असत. तीन ठिपक्यांपर्यंत छत्री ‘चालण्याजोगी’ ठरे, त्यापुढे ठिगळाचा विचार होई, आणि नव्या छत्रीचा विचार मात्र माझ्या आठवणीत एकदाच झाला. कापडाच्या कडेला पांढऱ्या तैलरंगात त्यांचे नाव आणि त्याखाली गावाचे नाव घातलेले होते. मालमत्तेवरचा हक्क शाबीत करण्याची ही पद्धत त्या काळी सार्वत्रिक होती.

या खुंटीवरच्या वस्तूचे घराणे किती थोर आहे याची जाणीव ती वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना असते. छत्र हा शब्द ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आला. त्याला ईकार लावून, राजमस्तकावरच्या त्या भव्य वस्तूला घरगुती, आटोपशीर आणि बायकी रूप देऊन मराठीने ‘छत्री’ केली. आणि एवढ्याशा ईकाराने त्या शब्दाचा सारा दिमाख उतरून गेला. वडील वारले म्हणजे ‘छत्र हरपले’ असे आपण म्हणतो, ‘छत्री हरवली’ म्हटले तर कुठल्या दुकानात विसरली एवढेच कोणी विचारील. अंमल एकछत्री असतो, आश्रय छत्रछायेचा असतो, पण उकिरड्यावर उगवणाऱ्या विषारी अळंबीला मात्र आपण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो. एकाच वस्तूची ही दोन टोके इतकी दूर कशी गेली, आणि मधल्या वाटेवर ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, हे पाहणे मनोरंजक आहे. ‘हातांतून’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. कारण माझ्या मते छत्रीचा सारा इतिहास तिच्याखाली कोण होते यापेक्षा ती धरली कोणी होती, या एका प्रश्नात सामावलेला आहे.

तिची जन्मकथा महाभारताच्या अनुशासनपर्वात येते. श्राद्धात छत्र आणि पादत्राणे दान करण्याची चाल कशी पडली, असे युधिष्ठिराने विचारले असता भीष्माने त्याला जमदग्नी आणि रेणुका यांची गोष्ट सांगितली. जमदग्नी धनुर्विद्येचा खेळ मांडून बाण सोडीत आणि रेणुका धावत जाऊन ते वेचून आणी. ज्येष्ठ महिन्यातले दुपारचे ऊन, तापलेली जमीन, तिचे मस्तक आणि पाय पोळले, आणि ती घटकाभर झाडाच्या सावलीला थांबली. उशिराचे कारण कळताच त्या कोपिष्ट ऋषीने बाण थेट सूर्यावर रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या वेषात खाली आला, गयावया करू लागला, आणि शेवटी त्याने एक छत्र व पादत्राणांचा एक जोड देऊन हे प्रकरण मिटवले. माहूरच्या रेणुकेला कुलस्वामिनी मानणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य घराण्यांना हे ठाऊक असावे की, छत्री ही मूळची त्यांच्या देवीच्या पायपिटीची भरपाई आहे. मला या कथेत विशेष वाटते ते असे की, ती पावसाची नाही. संस्कृतातला छत्राचा दुसरा शब्द ‘आतपत्र’, उन्हापासून राखणारे. आणि आपण ज्या वस्तूला पावसाची म्हणून ओळखतो ती या देशात हजारो वर्षे मुख्यतः उन्हाचीच होती.

छत्र आणि जोडे यांची ती जोडी आपल्या संस्कारांतून अजून सुटलेली नाही. सोडमुंजीच्या दिवशी बटू पायांत जोडे घालतो, हातात छत्री आणि काठी घेतो आणि काशीला निघतो; मामा त्याला वाटेत अडवून मुलगी देण्याचे कबूल करतो आणि यात्रा अंगणातच संपते. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाबरोबर छत्री देतात, आणि माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या दानांतही छत्री आणि वहाणा असतातच, कारण पुढची वाट उन्हाची आहे असे मानलेले आहे. विद्यार्थ्याला ‘छात्र’ म्हणतात तोही या छत्राच्याच नात्याने. पतंजलीने त्याचा असा उलगडा केला आहे की, गुरू हे छत्र. त्याने शिष्याला छत्राप्रमाणे झाकावे आणि शिष्याने गुरूला छत्राप्रमाणे जपावे. छत्री कशी जपावी याचा दाखला देण्याइतकी ती त्या काळच्या घरांत ओळखीची होती, एवढे यावरून निघते. छत्री विसरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे भाष्य मुळातून वाचायला लावण्यास हरकत नाही.

परंतु राजाचे छत्र ही वस्तू वेगळी. ते राजा कधीही स्वतःच्या हाताने धरीत नसे, आणि हाच त्याचा अर्थ होता. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत आणि तरीही मस्तकावर सावली आहे, तो राजा. शके 1596, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधान आठ दिशांना आपापली राजचिन्हे आणि अभिषेकाचे कलश घेऊन उभे होते, आणि त्यांत आग्नेय दिशेस छत्र घेऊन उभे राहण्याचा मान अण्णाजी दत्तो सचिवांचा होता. ज्या हातांनी स्वराज्याच्या जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी करविली, त्या हातांत त्या दिवशी छत्राचा दांडा होता, ही गोष्ट मला मोठी सूचक वाटते. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या समारंभाला हजर होता. त्याच्या आणि साऱ्या हिंदुस्थानाच्या देखत तो राजा ‘छत्रपती’ झाला, आणि छत्राचा धनी हीच राजपदाची व्याख्या महाराष्ट्राने कायमची स्वीकारली.

अण्णाजी दत्तोंचे छत्र समारंभापुरते होते. रोजचे छत्र धरणारा माणूस शागीर्दपेशातला, आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणूनच रायगडावर सांगितली जाणारी एक दंतकथा मला फार प्रिय आहे. महाराज टकमक टोकावर गेले असता त्यांच्यावर छत्र धरणारा सेवक वाऱ्याच्या झोताबरोबर छत्रासकट कड्यावरून उडाला. परंतु त्याने दांडा काही सोडला नाही, आणि तरंगत तरंगत तो खालच्या निजामपूर गावी सुखरूप उतरला. तेव्हापासून त्या गावाचे नाव ‘छत्री निजामपूर’ पडले. टकमक टोकाच्या कडेला पोटावर पडून ज्याने खाली पाहिले आहे त्याला ही कथा खरी मानणे अवघड जाईल, आणि हवाई छत्र्यांचे शास्त्र जाणणारा तर हसेल. पण कथेच्या खरेखोटेपणाला इथे महत्त्व नाही. सबंध छत्रपुराणात छत्राखालच्या माणसाला सोडून छत्र धरणाऱ्याकडे वळलेली ही एकच कथा मला ठाऊक आहे; आणि तीही अशी की, ज्या घटकेला धनी बाजूला राहिला आणि छत्र सेवकाच्या एकट्याचे झाले, त्याच घटकेला त्याचा जीव वाचला. गाव त्याचे नाव विसरला, छत्री मात्र नावात ठेवली.

महाराजांनी पाडलेल्या शिवराई पैशाच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. पुढे एकोणिसाव्या शतकातही बाजारात हे तांब्याचे नाणे चालत होते. म्हणजे कित्येक पिढ्या शेतकऱ्याच्या कनवटीला ‘छत्राचा धनी’ हा शब्द खुळखुळत होता, आणि त्याच्या स्वतःच्या मस्तकावर काय होते, तर इरले. बांबूच्या कामट्या दुहेरी विणून त्यांच्यामध्ये पळसाची किंवा सागाची पाने घातलेले, उलट्या होडीसारखे दिसणारे हे इरले डोक्यावरून थेट कमरेपर्यंत पाठ झाकते. घाटावर त्याच कामाला घोंगडीची खोळ असे. आवणीच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या खाचरात ओळीने वाकलेली माणसे आणि त्यांच्या पाठींवरची इरली, हे दृश्य रस्त्यावरून पाहणाऱ्याला कासवांचा मेळा भरल्यासारखे वाटते. पण इरल्याची थोरवी त्याच्या आकारात नसून ते दोन्ही हात मोकळे ठेवते यात आहे. जरा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, दोन्ही हात मोकळे आणि मस्तकावर आच्छादन हा मान या मुलखात दोघांनाच होता, एक राजाला आणि दुसरा भात लावणाऱ्या कुणब्याला. फरक इतकाच की, एकाचे हात मोकळे असत ते काही करावे लागू नये म्हणून, आणि दुसऱ्याचे सर्व काही करावे लागे म्हणून.

पेशवाईत छत्राचा एक चुलतभाऊ फार बोकाळला, तो अबदागीर. मूळ फारसी ‘आफताबगीर’, सूर्याला अडविणारा. उंच काठीवर उभे बसविलेले, पिंपळपानाच्या आकाराचे, जरीकाम केलेले हे आच्छादन स्वाराच्या बगलेला धरून चालावयाचे असते. ते डोक्यावर पसरत नाही, सूर्य ज्या अंगाला असेल त्या अंगाला आडवे येते. फारसी शब्दांना राज्यकारभारातून रजा द्यावी म्हणून शिवकाळी राज्यव्यवहारकोश तयार झाला, परंतु अबदागिराला लोकांच्या जिभेवरून कोणी हलवू शकले नाही. छत्र राजाचे, सरदार-दरकदारांना पालखी आणि अबदागीर सनदेने बहाल होत, त्यांच्या खर्चाची नेमणूक सरकारातून चाले, आणि अबदागिऱ्या हा लवाजम्यातला एक पगारी इसम होता. सावलीचीदेखील सनद लागे, आणि ज्याला सनद नाही त्याने उन्हातून जावे, हा या व्यवस्थेचा दुसरा भाग दप्तरांत फारसा लिहिलेला नसतो. दक्षिणेत त्रावणकोरसारख्या संस्थानात कनिष्ठ मानलेल्या जातींना छत्री उघडण्याची आणि जोडे घालण्याची मुभाच नव्हती. जमदग्नीच्या कथेतली तीच जोडी इथे पुन्हा भेटते, पण सूर्याने जे दिले ते माणसांनी माणसांना नाकारले.

गोव्यात फिरंग्यांनी दुसऱ्याकडून छत्र धरवून घेण्याचा हा मान झटकन उचलला. 1583 साली लिन्सखोटेन नावाचा डच तरुण तेथल्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून आला आणि पाच वर्षे राहिला. 1596 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथातील चित्रांत पोर्तुगीज बडा माणूस ऐटीत चालला आहे आणि मागून एक गुलाम त्याच्यावर भली मोठी छत्री धरून येतो आहे असे दिसते. युरोपात त्या वेळी असा माणूस डोक्यावर टोपी घालून निमूटपणे भिजत असे. इथे येताच त्याला छत्रपती होण्याची हौस आली. त्याच 1583 साली सासष्टीतल्या कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी फिरंग्यांविरुद्ध उठाव केला. सोळाव्या शतकाच्या त्या उत्तरार्धातल्या धामधुमीत तेथली शांतादुर्गा फातर्प्याला न्यावी लागली. देवी गेली ती गेली, परंतु दरवर्षी फाल्गुनात ती कुंकळ्ळीला आपल्या मूळ जागी येते, आणि तिच्याबरोबर बारा वांगडांच्या बारा छत्र्या गुलालाच्या धुळीतून नाचत येतात. या कुंकळ्ळीच्या छत्रोत्सवात छत्री राजाची नाही, सरदाराची नाही, फिरंग्याची नाही. ती एकेका वांगडाची, म्हणजे कुळाकुळाची आहे, आणि ती धरण्याचा मान कुळातल्या माणसांचा आहे. छत्र धरणे हे चाकरीचे काम न राहता हक्काचे कसे होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ते तेथे पाहावे.

आता विलायतेचा प्रकार थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये 1750 नंतर जोनास हॅन्वे नावाच्या गृहस्थाने भर रस्त्यात छत्री घेऊन फिरण्यास प्रारंभ केला. छत्री ही तिकडे बायकांची वस्तू समजली जाई, शिवाय पावसात भाड्याच्या गाड्यांचा धंदा बुडेल ही गाडीवानांना भीती. त्यामुळे बिचाऱ्याची यथेच्छ टवाळी झाली. पण तो तीस वर्षे छत्री घेऊन चालत राहिला आणि शेवटी शहर त्याच्या मागे गेले. त्या छत्र्या जड. काड्या वेताच्या किंवा देवमाशाच्या हाडासारख्या लवचिक पट्ट्यांच्या. 1852 साली सॅम्युएल फॉक्स याने शेफील्डजवळच्या आपल्या कारखान्यात पोलादाची पन्हळीसारखी काडी तयार केली. पट्टी दुमडून तिला पन्हळीचा आकार दिला की थोड्या धातूतही ती वाकत नाही, एवढी साधी युक्ती. आणि आज तुमच्या घरातली छत्री उघडून काडीवरून नख फिरवलेत तर तीच पन्हळ नखाला लागेल.

ही पोलादी, काळ्या कापडाची विलायती छत्री आगबोटींतून मुंबईला उतरली आणि आपल्याकडचा कारकून, पंतोजी, वकील आणि भिक्षुक यांच्या हाती आली. पन्नास-साठ वर्षांच्या आत जी सावली सनदेने मिळत होती ती दुकानात विकत मिळू लागली. समाजक्रांतीच्या इतिहासात आगगाडी आणि छापखाना यांची नावे येतात ती योग्यच आहेत. माझ्या मते त्यांच्या शेजारी, कोपऱ्यात का होईना, छत्री टेकवून ठेवायला हवी. अर्थात विकत मिळाली म्हणजे वापरता आली असे नव्हे. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांच्या पिढीतील स्त्रियांनी पायांत जोडे घालून आणि हाती छत्री घेऊन रस्त्याने जाण्याचे धाडस केले तेव्हा त्यांच्या वाट्याला टवाळी आली आणि दगडही आले. हॅन्वेला लंडनने हसावे, कारण छत्री बायकांची. काशीबाईंच्या पिढीला आमच्या शहरांनी दगड मारावेत, कारण छत्री पुरुषांची. वस्तू तीच, पाऊसही तोच. फक्त हॅन्वेच्या वाट्याला शब्द आले आणि या बायकांच्या वाट्याला दगड, एवढा भेद नोंदवून पुढे जातो.

छत्री विलायती, म्हणून ती इथे करावी, हा विचारही लवकरच आला. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांनी 1870 नंतरच्या काळात खादीचे व्रत घेतले आणि देशी व्यापारोत्तेजक मंडळाच्या द्वारे शाई, साबण, मेणबत्त्या यांच्याबरोबर छत्र्याही देशात व्हाव्यात अशी खटपट केली, आणि तीत पदरचा पैसा घातला. स्वदेशीचा इतिहास सांगताना आपण कापडाच्या होळ्यांपाशी थांबतो. काकांच्या डोळ्यांसमोर तेच कापड छत्रीवर चढवलेलेही होते, हे विसरतो. मुंबईत इब्राहिम करीम यांची पेढी 1860 पासून छत्र्यांच्या धंद्यात आहे, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मे महिन्यात जो फिरकला असेल त्याला दुकानांच्या दारांतून वटवाघळांसारख्या टांगलेल्या छत्र्यांखालून वाकून जावे लागल्याचे स्मरत असेल. याच शतकात कुलाब्याच्या वेधशाळेत ज्यांनी तरुणपणी नोकरी केली आणि पुढे हवामान व सूर्यावरचे डाग यांचा अभ्यास केला, त्या केरूनानांचे आडनाव ‘छत्रे’ होते. हा निव्वळ योगायोग. पण तो इतका नेमका आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

राजाचे छत्र दुसऱ्याने धरावयाचे, ही दुकानातली छत्री मात्र ज्याची त्याने स्वतः. रयतेला छत्र मिळाले खरे, पण त्याच्या किमतीत एक हात कायमचा गेला. म्हणूनच शेतकऱ्याने छत्री मनापासून कधी स्वीकारली नाही. प्लास्टिकचा कागद आला तेव्हा त्याने त्याचेही इरलेच केले. छत्री ही ज्याचा एक हात रिकामा राहू शकतो त्याची वस्तू आहे. आणि तरीही तिच्यात जे आकर्षण आहे ते या अडचणीतूनच उपजले आहे, असे मला वाटत आले आहे. स्वतः धरावी लागते म्हणून ती वाऱ्याच्या अंगाला कलती करता येते, समोरून नको असलेला माणूस आला तर चार बोटे खाली घेता येते. आणि शेजारी कोणी भिजत असले तर तिकडे अर्धी सरकवताही येते. या शेवटच्या क्रियेत आपला एक खांदा भिजतो. छत्र धरणाऱ्या सेवकाचे दोन्ही खांदे भिजत असत. हात वर आणि डोक्यावर सावली हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले, त्याचा हा वाजवी हिशेब आहे.

मुंबईत नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात मी वेताच्या मुठीची एक छत्री घेतली, आणि नाव घालणारा रंगारी फुटपाथवरच बसलेला असूनही, शहरात असे गावंढळ दिसेल म्हणून, नाव काही घातले नाही. तीन आठवड्यांत एका कचेरीच्या दारातल्या पिंपातून ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी तितकीच काळी, पण एक काडी मोडलेली छत्री उरली. पहारेकऱ्याने शांतपणे सांगितले, “साहेब, नाव नाही म्हणता, मग ही तुमची नाही कशावरून?” या युक्तिवादाला उत्तर नव्हते. ती मोडकी छत्री घेऊन मी स्टेशनबाहेर बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पत्र्याची एक पेटी, तीत मेलेल्या छत्र्यांच्या काड्यांचा भारा, दोऱ्याचे रीळ, बारीक तारेचे वेटोळे आणि एक पक्कड, एवढेच त्याचे दुकान. त्याने छत्री गुडघ्यांत उलटी धरली, दांड्यावरून वरखाली सरकणारी नळी अर्ध्यावर थांबवली, मोडकी काडी जिथे आखूड आधारकाडीला जोडलेली असते तिथली तार कापली, भाऱ्यातून लांबीची एक काडी नजरेनेच काढली, भोके जुळवली, नवी तार ओवून तिची टोके आत वळवली, म्हणजे कापडाला ओरखडा येऊ नये, आणि टोकाला कापड चार टाक्यांनी बांधून छत्री फाटदिशी उघडली. पाच मिनिटेही लागली नसतील. पैसे देताना मी म्हटले, “खरे तर ही छत्री माझी नाही.” तो म्हणाला, “कुणाची असते?” त्याच दिवशी शेजारच्या रंगाऱ्याकडून मी तिच्यावर माझे नाव घालून घेतले. ती माझ्याकडे अकरा पावसाळे टिकली.

दुरुस्तीवाले आता विरळ झाले. 1928 साली जर्मनीत हान्स हाउप्टने दुमडून खिशात बसणारी छत्री काढली. तिच्या तीन घड्यांच्या वंशजा आज पिशवीतून फिरतात. तिच्या काडीला दोन-तीन सांधे, वाऱ्याने एकदा उलटी झाली की सांधा निखळतो, आणि दुरुस्तीला लागणाऱ्या पैशांत जवळजवळ नवीच मिळते. तिच्या सोयीबद्दल तक्रार नाही. मात्र ती टेकून उभे राहता येत नाही, कुत्रे हाकता येत नाही, आणि बसच्या थांब्यावर तिच्या टोकाने ओल्या मातीत कोणी काही रेघाटतो आहे असेही दिसत नाही. लांब दांड्याची छत्री पाऊस नसतानाही काहीतरी असे. ही पाऊस नसताना पिशवीतले ओझे असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा दोन्ही जाती सारख्याच निरुपयोगी ठरल्या, हेही न्यायाने सांगायला हवे.

आणखी एक छत्र सांगायचे राहिले, आणि ते या साऱ्यांत वडील आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. एकवीरेच्या दर्शनाला जाणारी हजारो माणसे त्याच्या दारावरून जातात. आतल्या चैत्यगृहात दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा संपतात तिथे दगडाचा स्तूप आहे, आणि त्या स्तूपाच्या माथ्यावर लाकडाचे छत्र आहे. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूळचे आहे. त्याच्या पुढे शिवराई पडली, वितळली. अबदागिरी जीर्ण होऊन गेल्या. फॉक्सच्या पोलादाला गंज चढला. आणि हे लाकूड, ज्याला कोणी धरलेले नाही, अजून जागेवर आहे. लोक खांबांवरचे हत्ती आणि त्यांच्यावरची जोडपी पाहतात, छताच्या लाकडी कमानी पाहतात, आणि छत्राकडे न पाहताच बाहेर पडतात. तुम्ही पावसाळ्यात गेलात तर स्तूपाजवळ क्षणभर थांबून मान वर करा. आणि आपली छत्री बाहेर कठड्याला टेकवली असेल, तर निघताना आठवणीने घ्या.